ठेवायचं की काढायचं

माझी वहिनी माहितीपट बनवते. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी "वा" म्हणतो, मग "कुठे बघायला मिळतील?" असं विचारतो आणि मी उत्तर द्यायच्या आत घड्याळ बघतो. त्याचं चुकत नाही. वहिनीच्या फिल्म बघायला मिळत नाहीत, त्या गाठाव्या लागतात. एखाद्या कॉलेजच्या पंखा बंद पडलेल्या हॉलमध्ये, एखाद्या युनियनच्या ऑफिसात, नाहीतर जिथे त्या बनवल्या त्याच गल्लीत. पुरस्कार मिळालेत तिला, पण ते असे की नुसतं ओझं. त्यातला सगळ्यांत जड आम्ही बाथरूमच्या दाराला टेकण म्हणून लावतो, कारण ते दार आपोआप बंद होतं.

मी तिची नणंद आणि तिची संकलक. ती गावभरची दुःखं गोळा करून आणते आणि मी ती कापून एकमेकांना जोडते. वहिनीच्या कामाला रोज कात्री लावायची आणि वर तिनेच आभार मानायचे, असं भाग्य किती नणंदांच्या वाट्याला येतं कोण जाणे. दादा, म्हणजे माझा भाऊ आणि तिचा नवरा, बोटीवर इंजिनियर आहे. वर्षातला बराच काळ तो समुद्रावर असतो. संसार सुखाचा झाला तो त्यामुळेच, असं दोघंही बिनदिक्कत सांगतात.

वहिनी या धंद्यात ओळखली जाते ती एका नियमासाठी. ज्याचा चेहरा पडद्यावर, त्याला फिल्म सगळ्यांत आधी दाखवायची. त्याच्याच घरात किंवा अंगणात, जिथे शूट केली तिथे. दाखवून झाली की ती एकेकासमोर उभी राहते आणि विचारते, "ठेवायचं की काढायचं?" तो काढा म्हणाला की काढायचं. का, असं विचारायचं नाही. सुताराने खुर्ची करावी आणि बसणाऱ्याच्या हातात करवत द्यावी, असला हा प्रकार. तिच्या बरोबरीचे लोक तिला हसतात आणि पाठीमागे तिला साध्वी म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही.

तिची पहिली फिल्म हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या बायकांवर होती. हातांची सालं निघालेल्या, पावडरीने खोकणाऱ्या. ती आम्ही त्यांच्याच वाळत घातलेल्या चादरीवर दाखवली. त्यात त्यांचा मुकादम डोळे पुसताना दिसतो. सगळ्या फिल्मचा जीव त्या एका शॉटमध्ये होता. मुकादम म्हणाला, काढा, मी रडत नव्हतो, साबण गेला होता. आम्ही काढलं. दुसरी फिल्म एका घरमालकावर, ज्याने आख्खी इमारत पाणी तोडून रिकामी करवली. भाडेकरूंना फिल्म दाखवत होतो तर हा गृहस्थ पांढऱ्या बुटांत येऊन पहिल्या रांगेत बसला. म्हणाला, माझाही चेहरा आहे, मलाही विचारा. मी वहिनीकडे बघत होते, आता काय करते म्हणून. वहिनीने विचारलं. तो म्हणाला, माझा चेहरा काढा. मी दात ओठ खात त्याचा चेहरा काढला. राहिला फक्त त्याचा आवाज आणि अंगठ्या घातलेला हात, टेबलावर बोटं वाजवणारा. तो बिनचेहऱ्याचा हात इतका भयंकर दिसायला लागला की लहान पोरं पडद्यापुढून उठून पळाली. पुढे हाच इसम आमच्या जिन्यात येऊन विनवत होता की माझा चेहरा परत घाला, बायको म्हणते त्यापेक्षा तो बरा होता. वहिनीने घातला. तिला ना, खरंच वेड लागलंय.

पण तिचं खरं नुकसान झालं बॉयलरच्या फिल्मने. कारखान्यात बॉयलर फुटून माणसं गेली, त्यातल्या एकाची बायको भरपाईच्या साहेबाची नक्कल करून दाखवताना हसत सुटते. हसता हसता तिचा चेहरा असा काही होतो की मी तो तुकडा लावताना उठून खिडकीशी गेले होते. परदेशातल्या एका मोठ्या महोत्सवाचे लोक त्या एका तुकड्यावर लट्टू झाले होते. ती बाई म्हणाली, काढा, नवरा गेल्यावर मी हसले हे सासरी कळलं तर संपलंच. काढलं. महोत्सवाने फिल्म परत पाठवली. त्यानंतर वहिनीशी मी बरेच दिवस कामापुरतीच बोलत होते. तिने जोडीने माझ्याही कामावर पाणी सोडलं होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

मग आमचे बाबा पडले. स्टुलावर चढून पंखा पुसत होते, नको म्हटलेलं असताना. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ते वहिनीच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत, मागे टेकण असलेल्या कॉटवर येऊन स्थिरावले. मागच्या खोलीत आमचं संकलन. म्हणजे मी रोज सकाळी कामाला जाते ती बाबांच्या समोरून.

बाबा मुख्याध्यापक होते. पोरं त्यांना दुर्बीण म्हणायची. परीक्षेत कॉपी पकडण्यात त्यांचा हातखंडा होता. वर्गाच्या दारात नुसते येऊन उभे राहायचे, आणि मागच्या बाकावरचा मुलगा आपण होऊन मोज्यातली चिठ्ठी काढून द्यायचा. घरी त्यांनी आम्हाला कधी मारलं नाही, कधी जवळही घेतलं नाही. बघायचे नुसते. मी संकलन करायला लागले तेव्हा त्यांनी काय काम असतं ते समजावून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे दुसऱ्यांच्या चिंध्या जोडायच्या. तेवढंच. मी जोडलेली एकही फिल्म त्यांनी कधी पाहिली नाही, आणि मीही पुन्हा विषय काढला नाही. मला त्याचं वाईट वाटायचं, अजूनही वाटतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

बाबांसाठी नर्सिंग ब्युरोतून एक बाई आली. तिला आम्ही मावशी म्हणतो, वयाने ती माझ्याहून लहान असली तरी. ती मला ताई म्हणते, बाबांना आजोबा आणि वहिनीला मॅडम. उंच, खणखणीत आवाजाची, स्वतःच्या दातांचा अतोनात अभिमान असलेली. रुग्णाला उचलायची कला तिच्याकडे असेलही, पण आल्या आल्या तिने आधी टीव्ही उचलून स्वतःला दिसेल असा ठेवला. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. वहिनीला तर तिच्यात फिल्मच दिसली. घरोघरी आजारी माणसं सांभाळणाऱ्या बायकांची फिल्म. कुणाच्या तरी बापाला आंघोळ घालायची आणि आपल्या बापाला शेजारणीच्या भरवशावर सोडायचं, त्या बायकांची. वहिनी ब्युरोतल्या इतर बायकांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरली आणि घरी आली की छोट्या कॅमेऱ्याने मावशीला टिपायची.

ते रेकॉर्डिंग माझ्याकडे यायचं. एका दुपारी मी त्यातला एक तुकडा लावला आणि खुर्चीत ताठ बसले.

बाबा आणि मावशी रमी खेळत होते. बाबा शिव्या देत होते. आमच्या घरात ज्यांच्या तोंडून "मूर्ख" याच्या पलीकडचा शब्द कधी निघाला नाही, ते एका दुर्रीला उद्देशून असं काही बोलत होते की मला आवाज कमी करावा लागला. मावशी खिदळत होती. मग बाबा म्हणाले, थांबा बाई, तुम्हाला आमची कन्या दाखवतो.

आणि त्यांनी मला दाखवलं. कॉटवर बसल्या बसल्या. चष्मा कपाळावर चढवला, हात कमरेवर ठेवले, नाक वर करून खोलीत कुठे प्रेत लपवलंय का अशा नजरेने इकडून तिकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बाबा, गोळी घेतलीत का? खरं सांगा." आवाज हुबेहूब माझा. मग चष्मा कपाळावरच ठेवून ते चष्मा शोधायला लागले, उशीखाली, चादरीत, मावशीच्या खांद्यावर. मावशी गडाबडा लोळायची बाकी होती. मी मागच्या खोलीत एकटी बसून लाल झाले होते. असाच चष्मा मी त्या दिवशी सकाळी शोधला होता.

मग त्यांनी पुढचं केलं. मी संध्याकाळी निघते तेव्हा दारापर्यंत जाऊन परत येते आणि बाबांच्या पायावरचं पांघरूण सारखं करते. ते झोपलेले असतात. निदान तेव्हा असतात असं मी समजत होते. पडद्यावर बाबांनी मान तिरकी केली, कॉटवर वाकून हात पोचतील तिथपर्यंत, म्हणजे गुडघ्यापर्यंत, स्वतःचंच पांघरूण हलक्या हाताने सारखं केलं, त्याची कड आत खोचली, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "झोपले वाटतं." मावशी हसून हसून डोळे पुसत होती. तिचे डोळे झाकलेले असताना बाबांच्या बोटांतला एक पत्ता त्या पांघरुणाच्या कडेखाली गेला. जन्मभर दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या जप्त केलेला माणूस राजरोस कॉपी करत होता, आणि आडोसा म्हणून मला वापरत होता.

मी मशीन बंद केलं आणि तडक वहिनीकडे गेले. हे काढ म्हटलं, माझी टिंगल आहे ही. ती भाजी चिरत होती. म्हणाली, तुझा चेहरा कुठे आहे त्यात? चेहरा बाबांचा आणि मावशीचा. त्यांना विचारणार मी. मी म्हटलं, तुझा नियम गेला खड्ड्यात. तर म्हणाली, गेला तर सगळ्यांसाठी जाईल. असल्या बाईशी भांडताही येत नाही नीट.

टिंगल हे मी सांगितलेलं कारण होतं. खरं म्हणजे मला ते पांघरूण नको होतं. इतके दिवस तो माणूस झोपेचं सोंग घेऊन मला बघत होता, आणि त्याने ते मला न सांगता ब्युरोच्या बाईला सांगितलं, याचा मला राग आला होता. रागही आणि भलतंच काहीतरी, आणि ते जगाला दाखवायची माझी तयारी नव्हती.

अडचण अशी की तुकडा उत्तम होता. मी संकलक आहे, मला कळतं. एका मोठ्या चॅनेलच्या बाई कच्ची फिल्म बघून गेल्या आणि त्या सीनपाशी येऊन थांबल्या. म्हणाल्या, आजाऱ्यांच्या फिल्म ढिगाने येतात, त्यात कुणी हसत नाही. हा सीन असेल तर ही फिल्म आम्ही घेऊ, चांगल्या वेळेला लावू. नसेल तर बघू. वहिनीने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रात्रीच्या जेवणाला काहीतरी गोड केलं. तिची फिल्म लोक आपापल्या घरात, पाय पसरून बघणार होते. मला वाटलं, आता तरी हिने नियम गुंडाळून ठेवावा. ती म्हणाली, रविवारी दुपारी दाखवू.

रविवारी आम्ही बाबांच्या खोलीतल्या कपाटाला पांढरी चादर लावली. मावशी सुट्टी असूनही आली, केस धुऊन, नवे कपडे घालून, आणि बाबांच्या कॉटशेजारच्या खुर्चीत पाहुणीसारखी बसली. बाबांनी दाढी करवून घेतली होती. मी पायथ्याशी स्टुलावर. वहिनी नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून उभी, पडद्याकडे न बघता बघणाऱ्यांकडे बघत.

फिल्म सुरू झाली. बाबा उत्तरपत्रिका तपासावी तसे बघत होते. मावशी आपण दिसलो की पुढे सरकायची, दुसऱ्या बायका दिसल्या की पंख्याकडे बघायची. रमीचा सीन आला तेव्हा मी जमिनीकडे पाहत राहिले. बाबांचा माझ्या आवाजातला आवाज ऐकू आला. मावशी खुर्चीतही तशीच हसली जशी पडद्यावर हसत होती. बाबा हसले नाहीत.

दिवा लावला. वहिनीने आधी मावशीला विचारलं. मावशी म्हणाली, सगळं छान आहे, फक्त इतर बायका जरा जास्त झाल्यात. मग वहिनी कॉटसमोर येऊन उभी राहिली. सासऱ्यांना ती एरवी अहो-जाहो करते, पण त्या प्रश्नाला तिचा सगळ्यांसाठी एकच सूर असतो.

"ठेवायचं की काढायचं?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, शिव्या राहू देत, त्या पत्त्यांना दिलेल्या आहेत. कन्येची नक्कल राहू दे, ती बरी जमली आहे. तो लपवलेला पत्ता तेवढा काढा. माझे विद्यार्थी बघतील. ज्यांना मी वर्गाबाहेर काढलं, तेसुद्धा बघतील.

वहिनी म्हणाली, ठीक आहे बाबा. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज तसाच होता.

ठीक कसलं, मी उठलेच. मी बाबांना समजावून सांगितलं की तो पत्ता वेगळा काढता येत नाही. शॉट एकच आहे, कॅमेरा एकच होता. पत्ता जातो तो पांघरूण खोचतानाच. पत्ता कापला तर पांघरूणही जाईल, ते "झोपले वाटतं" जाईल, मग नुसता चष्मा आणि गोळी उरेल, आणि तो सीन पांगळा होईल. बाबा शांतपणे ऐकून म्हणाले, मग सगळंच काढा.

म्हणजे मला हवं होतं तेच झालं. ते माझ्या हातात आयतं आलं होतं, आणि मला ते अजिबात नको होतं. तो तुकडा काढला की बाबांनी मला कधी पाहिलं होतं याचा सगळा पुरावा कचऱ्यात. ते मला तोंडाने सांगणार नव्हते, मी विचारणार नव्हते. वहिनीने मान हलवली होती, आणि एकदा मान हलवली की तिच्यापुढे ब्रह्मदेवाचंही चालत नाही. काढणारी मीच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मलाच ते कापायचं होतं.

आडवी आली मावशी. म्हणाली, मॅडम, त्यात माझाही चेहरा आहे ना? मग मला विचारा की. मला ठेवायचंय. एक तर त्यात माझे दात सगळ्यांत छान दिसतात. आणि दुसरं, आजोबांनी फसवलं हे दिसलं नाही तर ब्युरोतल्या बायका म्हणतील ही झोपून असलेल्या म्हाताऱ्याशी हरली.

एका शॉटमध्ये दोन चेहरे, एकाला काढायचं आणि एकाला ठेवायचं, हे वहिनीच्या नियमात आजवर कधी आलं नव्हतं. ती गोंधळून आमच्याकडे बघायला लागली. तिला गोंधळलेली मी पहिल्यांदाच पाहत होते आणि मला त्याही परिस्थितीत जरा बरं वाटलं. बाबा म्हणाले, काढा म्हणणाऱ्याचं चालतं. मावशी म्हणाली, आजोबा, मग होऊन जाऊ दे एक डाव. मी जिंकले तर ठेवायचं, तुम्ही जिंकलात तर काढायचं. बाबांना डाव म्हटल्यावर नाही म्हणवत नाही. त्यांनी हात पुढे केला, पत्ते मागितले.

वहिनीने कॅमेरा लावला. कुणी सांगितलं नव्हतं. इतर लोक जसा चष्मा लावतात तसा ती कॅमेरा लावते, दिसावं म्हणून.

डाव सुरू झाला. मावशी जीभ दातांत धरून खेळत होती. बाबांचे पत्ते मला पायथ्याकडून दिसत नव्हते, पण त्यांचं तोंड दिसत होतं, आणि ते तोंड चांगलं नव्हतं. ते हरत होते. मी मनात मावशीसाठी देव पाण्यात घातले होते. एवढ्यात बाबांनी मान वर केली आणि म्हणाले, बाई, तुम्हाला आमची सून दाखवली का कधी? आणि एक डोळा मिटून, कॅमेऱ्यामागे उभी राहून वहिनी जशी समोरच्याला बोलतं ठेवायला "हं, हं" करत माना डोलवते, तशा त्यांनी माना डोलवल्या. मावशी फुटलीच. तिने हाताने तोंड झाकलं, डोळे मिटले. वहिनीचाही कॅमेरा हलला.

मी हसले नाही. मी बाबांच्या डाव्या हाताकडे बघत होते. मी दिवसभर हेच करते, सगळे जिकडे बघतात त्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात काय चाललंय ते बघते. पत्ता पांघरुणाच्या कडेखाली गेला.

गप्प बसले असते तर बाबा जिंकले असते, सीन गेला असता, आणि त्यांची लाज राहिली असती. बोलले तर कॅमेऱ्यासमोर, सुनेसमोर, बाईसमोर दुर्बिणीचीच चोरी पकडली जाणार होती, त्यांच्याच मुलीकडून. हा सगळा विचार मी नंतर केला. तेव्हा मी नुसती उठले, चष्मा कपाळावर ढकलला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "बाबा, पांघरुणाखाली काय आहे? खरं सांगा."

मावशीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि मग ती खुर्चीतून खालीच बसली. हसण्याचा आवाजसुद्धा येत नव्हता तिच्या तोंडून. माझी नक्कल बाबांनी माझ्यापेक्षा बरी केली होती एवढंच तिला कसंबसं म्हणता आलं. मला माझे हात कमरेवर आहेत हे तेव्हा कळलं आणि ते कुठे ठेवावेत ते कळेना.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. वर्गाच्या दारात उभे राहून बघायचे तसेच, फक्त आता बाकावर ते होते. मग त्यांनी कडेखालचा पत्ता काढला. चौकटची सत्ती. काही कामाची नव्हती ती, म्हणूनच लपवली होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि वहिनीकडे वळले.

"हिला दिसतं," ते म्हणाले. "जन्मभर वर्गात मागच्या बाकापर्यंत मलाच तेवढं दिसायचं. हिलाही दिसतं." मग जरा खाली बघत, "चिंध्या म्हणालो होतो मी."

मावशी डोळे पुसत जमिनीवरून उठली आणि तिने, हे तिचंच काम आहे म्हणून, त्यांच्या पाठीमागची उशी नीट केली. बाबा म्हणाले, बाई, तुम्ही जिंकलात, ठेवा ते. आणि त्यांनी पत्ते गोळा करून पिसायला घेतले. मी मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि व्यवस्थित रडले. साबण वगैरे काही गेला नव्हता.

सोमवारी वहिनीने रविवारचं रेकॉर्डिंग माझ्या मशीनवर टाकलं. ती ते फिल्मच्या शेवटी लावणार होती. पडद्यावर मी होते. इतकी वर्षं दुसऱ्यांचे चेहरे कापणारी मी, कपाळावर चष्मा, कमरेवर हात, आणि हनुवटीखाली अशी एक घडी जी मला आरशात कधी दिसली नव्हती. वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, मुकादमापुढे आणि घरमालकापुढे उभी राहिली होती तशी, त्याच सुरात.

"ठेवायचं की काढायचं?"

मला त्या बॉयलरवाल्या बाईची आठवण झाली. हा प्रश्न समोरून ऐकताना कसा वाटतो ते मला ठाऊक नव्हतं. आपल्याला कुणीतरी खरंच विचारतंय आणि आपण नाही म्हटलं तर ते खरंच ऐकणार आहे, याची आपल्याला सवयच नसते. वहिनीला त्याचं काही वाटत नाही असं मी म्हणत होते, ते मी आता म्हणत नाही. मी तिला सांगितलं, ठेव, पण मी फार जाडी दिसतेय. ती म्हणाली, ते कापता येत नाही. आणि आम्ही कामाला लागलो.

संध्याकाळी निघाले. मावशी टीव्ही बघत होती. बाबा डोळे मिटून पडले होते, हात छातीवर, श्वास अगदी शिस्तीत. मी दारापर्यंत गेले, चपला घातल्या, काढल्या, आणि परत आले. पांघरूण सारखंच होतं. तरी मी ते सारखं केलं, कड आत खोचली.

"झोपले वाटतं," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच.

"हो," बाबा डोळे न उघडता म्हणाले.